मेहराबीतलं सातवं पान

मुकुंदवाडी
१४ ऑक्टोबर २०२४

अमिना आपा,
अस्सलामु अलैकुम.

तीनशे बारा कत्बे, म्हणजे कबरीच्या डोक्याशी उभे करायचे नावाचे दगड. सव्वीस रेहल, कुराण ठेवायच्या, सागवानी, प्रत्येक एकाच फळीतून कापलेली, खिळा नाही, सरस नाही. एक मिंबर, इमामानं उभं राहून प्रवचन द्यायचा, तीन पायऱ्यांचा. नमाजाआधी हातपाय धुवायच्या, वजूच्या एका हौदाचा सोळा फूट काठ, त्याचा सांधा डोळे मिटून बोट फिरवलं तर सापडत नाही. गारखेड्यातल्या मुकुंदराव सरांच्या घरावरची पाटी, देवनागरीत. आणि हे सगळं ज्यांनी केलं त्या अकरा छिन्न्या, ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद तापवून मीच घडवलेल्या.

हे या दोन हातांनी केलं. उस्ताद कोणी नाही.

यादी द्यायचं कारण तुम्हाला माहीत आहे. नात्यातल्या त्या लग्नात पडद्यापलीकडं तुम्ही, माझी थोरली बहीण, म्हणालात, "आमचा जहांगीर ना, कंपनीची नोकरी सोडून दगडं टोचत बसलाय." बायका हसल्या. आपा, कान तुमचे गेलेत, माझे नाहीत. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर अंगठ्यानं लिहिलेलं मला लिहिलेलं वाटत नाही, म्हणून हे पोस्टानं.

आता ऐका. स्टेशनामागच्या वस्तीत नवी मशीद उभी राहतेय. तिची मेहराब, म्हणजे मक्केकडच्या, किब्ल्याच्या भिंतीतली कमान, जिच्यासमोर इमाम उभा राहतो, ती माझ्याकडं आलीय. काळा दगड. कमानीवर अल्लाच्या एकपणाच्या चार आयती. सत्तेचाळीस अक्षरं, दहा नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके. दोन्ही बाजूंनी खालपर्यंत एक वेल, एकेका बाजूला एकवीस पानं.

ट्रस्टचा सेक्रेटरी हारिस, शेंद्र्याला इंजिनिअर, वय तेहतीस, म्हणतो, "काका, मशीनवर चार दिवसांत होतं की." मी म्हटलं, होतं ना. निकाहही मोबाइलवर होतो. तू का घोडीवर बसला होतास?

तुमचा,
जहांगीर


करमाड
२२ ऑक्टोबर २०२४

जहांगीर मियाँ,
वालेकुम अस्सलाम.

यादी वाचली. तीनशे बारा मेलेल्यांची गर्दी बघून जीव दडपला. मस्करी होती रे ती. बायकांमध्ये बसलं की जीभ सैल होते. चुकलं माझं.

पण उस्ताद कोणी नाही, व्हय? बरं. तुझ्या नवव्या वर्षी बोरूला चाकूनं तिरपा काप देऊन तो तुझ्या मुठीत कोणी दिला होता, आणि माझ्या डी.एड.च्या वहीची मागची पानं कोणी स्वतःच्या नावानं भरून टाकली होती, ते राहू दे. मी काही यादी केलेली नाही.

एक काम आहे. रिटायर झाल्यापासून शुक्रवारी, जुम्याच्या दुपारी माझ्याकडं आठ-दहा बायका बसतात. अरबी त्यांना वाचता येतं, अर्थ कळत नाही, म्हणून मी मराठीत सांगते. मागच्या जुम्याला तौहीद सांगत होते, अल्लाचं एकपण. तर बांगड्यावाली रुक्सार म्हणाली, "आपा, देव एकच हाय असं आमच्या शेजारची कालिंदीबाई पण म्हणती. मग आपलं लई वेगळं काय?"

छत्तीस वर्षं झेडपीच्या शाळेत शिकवलं, पण मी अडकले. पाठ केलेलं उत्तर देता आलं असतं, पण रुक्सार पाठ केलेल्याला फसत नाही. तू त्याच आयती हातानं कोरतोयस. सोपं करून लिही. आणि रागवू नको.

अमिना आपा


मुकुंदवाडी
५ नोव्हेंबर २०२४

आपा,
अस्सलामु अलैकुम.

रागवत नाही. पण हा प्रश्न चाळीस वर्षांच्या बाईला पडतो म्हणजे आजवर तिला कोणी नीट सांगितलंच नाही, याचा राग येतो.

लिहून घ्या. एक म्हणजे मोजणीतला पहिला नव्हे. मोजणीतल्या एकापुढं दुसरा ठेवता येतो, एकाचे अर्धे करता येतात. माझ्याकडचा एक दगड चुकीच्या नसेवर फुटला की दोन होतात. त्याचं एकपण तसं नाही. तो कशाचा जोडून झालेला नाही, म्हणून त्याचे तुकडे नाहीत. तो कोणापासून झाला नाही, कोणी त्याच्यापासून जन्मलं नाही. त्याला कशाची गरज नाही, गरज आपल्याला त्याची. त्याच्या तोडीचं काहीच नाही, म्हणून नमुना नाही, चित्र नाही.

इथवर मदरशातली पोरंही सांगतात. खरी गोष्ट पुढं आहे. तो एक आहे हे तोंडानं म्हटलं की काम संपत नाही. जे त्याचं आहे त्यात वाटेकरी ठेवायचा नाही. डोकं टेकायचं त्याच्यापुढं, मागायचं त्याच्याकडं, भ्यायचं त्याला. आणि तारीफ, मग ती कामाची असो, रूपाची असो, अकलेची असो, शेवटी पोचायची त्याच्याकडं. मध्ये कोणी हात पसरून उभं राहिलं की तो वाटेकरी. यालाच शिर्क म्हणतात. कालिंदीबाईंचं कालिंदीबाई जाणोत, त्यांच्याशी माझा वाद नाही. रुक्सारला म्हणावं, शेजारणीच्या घरात डोकावू नको. आपल्या आत वाटेकरी कोण बसलाय ते बघ.

तुम्हाला आठ बायका आहेत, मला एकच ओवैस सेठ पुरतो. बियाण्यांचा व्यापारी, घुमटाचा आणि अर्ध्या फरशीचा खर्च त्याचा. परवा आला, बूट काढले, माझ्या दगडाला हात लावला (ओला हात!), आणि म्हणाला, "उस्ताद, आयतां के नीचे अब्बा का नाम डाल देव. इत्ता छोटा."

"किती छोटं?"

"आयतां के बराबर दिखा तो बस."

मी म्हटलं, बाहेर लावू, चपलांच्या फळीच्या वर. छान जागा आहे.

"हमारे अब्बा चपलां में?"

"सेठ, चपलांच्या वर म्हणालो."

हारिस मध्ये पडला, "काका, कोपऱ्यात तरी..." मी छिन्नी खाली ठेवली. म्हटलं, सजद्यातून डोकं उचललं की समोर जे दिसतं ते माणसाच्या मनात शिरतं. या भिंतीवर माणसाचं नाव येणार नाही. सेठच्या अब्बांचं नाही, माझ्याही अब्बांचं नाही. नाव यायचं असेल तर मेहराब मशीनवर करून घ्या, मी माझा दगड उचलतो.

पाऊण तास गेला. अखेर अब्बांचं नाव वजूखान्याच्या भिंतीवर ठरलं. सेठ जाताना म्हणाला, "दगड फोडणारा हमको दीन सिखाता." शिकवतोच धर्म. वाईट वाटलं तर वाटो.

जहांगीर


करमाड
१५ नोव्हेंबर २०२४

जहांगीर,

तुझं पत्र मी बायकांना दोनदा वाचून दाखवलं. वाटेकरी हा शब्द सगळ्यांना एकदम कळला. प्रत्येकीचं कुठंतरी बांधावरून नाय तर भिंतीवरून भांडण चालूच आहे. ओवैस सेठला तू सांगितलंस ते ऐकून रुक्सारनं टाळी दिली.

मग तिनंच विचारलं, "आपा, सासू दारात येऊन उभी राहिली की माझी नमाज लांबती. रुकू पण सावकाश, सजदा पण सावकाश. ती गेली की भराभरा. ह्याचं काय?"

लई हसलो आम्ही. मग हसणं आपोआप थांबलं. तिला काय सांगू?

काम बघायला मला यायचंय. जिना नाही ना तिथं?

आपा


मुकुंदवाडी
२८ डिसेंबर २०२४

आपा,

उशीर झाला. नोव्हेंबरभर वेलीवर होतो, डिसेंबर अक्षरांना पॉलिश देण्यात गेला. दिवसाला अडीच अक्षरं, त्याहून जास्त नाही. आणि वस्तीतला प्रत्येक माणूस येऊन विचारतो, "कधी होणार?" त्यांना मी विचारतो, तुमचं पोट कधी सुटायचं थांबणार? मग येत नाहीत.

रुक्सारला सांगा, त्याला रिया म्हणतात. दिखावा. इबादत अल्लाची आणि नजर माणसाच्या तारीफेवर. तोही शिर्कच, फक्त लपलेला. जुने लोक म्हणत, काळ्या रात्री काळ्या दगडावर काळी मुंगी चालावी तसा तो माणसाच्या आत चालतो, कळतच नाही. इथं मला जुन्या लोकांचं थोडं पटत नाही. मी बावीस वर्षं काळा दगड बघतोय. काळ्या दगडावरची काळी मुंगी मला दिसते. सवय पाहिजे.

मेहराब बसली. जिना नाही, दोन पायऱ्या आहेत, मी धरतो. पाच तारखेला या. दुपारच्या, जोहरच्या नमाजाआधी या म्हणजे दक्षिणेच्या झरोक्यातून ऊन तिरपं पडतं, तेव्हा अक्षरांच्या कडा दिसतात. वेल सावकाश बघा. घाईनं बघायचं काम नाही ते.

जहांगीर


करमाड
१२ जानेवारी २०२५

जहांगीर,

सात दिवस लिहू की नको करत होते.

मी काम बघत होते. तू विचारत राहिलास, "कसं वाटलं, आपा?" आणि मी ऐकायचं मशीन नीट बसत नाही म्हणून कानाला हात लावत राहिले. ऐकू आलं होतं मला. कमानीवरची अक्षरं दगडातून वर आल्यासारखी वाटतात. मरहूम अम्मी असत्या तर रडल्या असत्या.

मग तू हारिसशी झरोक्याच्या काचेवरून भांडायला बाहेर गेलास. मशीद रिकामी होती. मी म्हटलं दोन रकात पढून घ्याव्या. घरी खुर्चीवर पढते, तिथं खुर्ची नव्हती, म्हणून गुडघे नको म्हणत असताना खाली बसले, पहिल्या सफेच्या, म्हणजे रांगेच्या जागी. सजद्यातून उठून बसले आणि समोर उजव्या वेलीचं खालून सातवं पान होतं. बाकीच्या पानांच्या शिरा सरळ. या पानाच्या शिरा वळलेल्या.

उभ्या माणसाला ते पानच दिसेल. बसलेल्यालाही कदाचित पानच दिसेल. पण मी ते पान पन्नास वेळा पाहिलंय, माझ्या वहीच्या मागच्या पानांवर. तू नवव्या वर्षी तुझं नाव असंच पानात बसवायचास.

मी कोणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तुला विचारते फक्त. तुला ते तिथं हवंय का?

आपा


मुकुंदवाडी
१६ जानेवारी २०२५

अमिना आपा,

पान आहे ते. शिरा वळल्या कारण दगडात तिथं नस होती.

हे वाक्य लिहून मी पत्र बाजूला ठेवलं होतं. मग वाटलं, खोटं कशाला? मी चोर आहे का? व्हय, माझं नाव आहे. अडीच फुटांवर. नमाजी बसला की त्याचे डोळे जिथं येतात ती उंची मी हारिसला बसवून टेपानं मोजली होती. अंदाजे काम मी करत नाही.

आता तुम्ही म्हणाल, ओवैस सेठला काय सांगितलं होतंस. सेठ पैशानं नाव मागत होता. मी घामानं ठेवलंय. फरक आहे की नाही? तीनशे बारा कत्बे कोरले, सगळ्यांवर मेलेल्याचं नाव. पहिले दीडशे तर एका दुकानदारासाठी. तो खाली कोपऱ्यात आपल्या दुकानाचं नाव मला कोरायला लावायचा. माझ्या हातानं, माझ्या छिन्नीनं, त्याचं नाव! लोक आजही म्हणतात, "त्यांच्याकडचं काम लई सुरेख." बावीस वर्षांत या शहरात माझं नाव कुठं आहे ते दाखवा. एका पानात, शिरांमध्ये, कोणाला कळणारही नाही असं ठेवलं, तर तेही तुम्हाला सलतं.

आणि ते बोरूचं. व्हय, दिला होता तुम्ही. सगळं तुम्हीच दिलंत. झालं समाधान?

बायकांना शिकवा. मला शिकवू नका. उत्तर नको.

जहांगीर


करमाड
३० जानेवारी २०२५

जहांगीर,

उत्तर नको म्हणालास, म्हणून हे उत्तर नव्हे. शाबानचा चांद आज-उद्या दिसेल, महिन्यावर रमजान आला. मनात ठेवून रमजानला जायचं नाही म्हणून लिहिते.

तुझं खरं आहे. तुझ्यावर अन्याय झाला. दुकानदाराची गोष्ट तू मला आधी कधीच सांगितली नव्हतीस. सांगितली असतीस तर लग्नात मी ते बोलले नसते.

घामाचं आणि पैशाचं तू म्हणतोस त्यावर मी वाद घालत नाही. मला वाद घालायची अक्कल नाही. एवढंच सांगते की त्या दिवशी माझी नमाज बिघडली. सजद्यातून डोकं उचललं आणि मला तू दिसलास. मग नमाज संपून सलाम फेरेपर्यंत मी तुझाच विचार करत होते. किती छान केलंय पोरानं, किती सोसलंय, असं. तुझ्यासाठी दुवा केली नाही मी. तुझं कौतुक करत बसले, किब्ल्याकडं तोंड करून.

दुसरं कोणी असतं तर त्याला पान दिसलं असतं. माझा जीव तुझ्यावर आहे म्हणून मला तू दिसलास.

नमाज मी घरी येऊन परत पढले.

आपा


मुकुंदवाडी
२७ फेब्रुवारी २०२५

आपा,
अस्सलामु अलैकुम.

उद्या जुमा, उद्याच मशीद सुरू होतेय. पोस्टाला वेळ नाही, म्हणून हे पत्र करमाडच्या बसवाल्याच्या हाती देतोय. तुम्हाला बोलावलं तर आहेच. पण आधी सगळं माहीत असू द्या, नाहीतर तिथं हजार तोंडांनी ऐकाल.

नाव काढलं.

नाव काढलं हे लिहायला दोन शब्द लागतात. कोरलेलं नाव पुसता येत नाही. खोल गेलेली रेघ घालवायची तर आजूबाजूचा सगळा दगड तेवढा खाली न्यावा लागतो. माझ्या नावाची शीर दीड सूत, म्हणजे पाव इंचाच्या जरा आत, खोल होती. म्हणजे सातवं पान दीड सूत खाली गेलं. मग ते सहाव्या आणि आठव्याच्या मध्ये बसक्या दातासारखं दिसायला लागलं. ते तसं ठेवणं मला जमणार नव्हतं, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून उजवीकडची एकवीसही खाली नेली. मग डावी बाजू वर राहिली. तीही नेली. बेचाळीस पानं, बावीस दिवस, पहाटेच्या फजरपासून रात्रीच्या इशापर्यंत. दोन छिन्न्या मोडल्या. उजवा अंगठा वाकत नाही, हे पत्र म्हणूनच असं दिसतंय.

हा त्रास मी मोजला नसता. दुसरा त्रास सांगतो. चौथ्या दिवशी हारिस आला आणि बघतच राहिला. "काका, झालेलं काम खरवडताय का? रमजान तोंडावर आला!"

"चूक होती," मी म्हटलं.

"कसली?"

आता काय सांगणार? नाव होतं म्हणून सांगितलं तर दुपारपर्यंत वस्तीभर होणार. जहांगीरनं नाव कोरलं. मग लगेच, जहांगीरनं नाव काढलं, वा, काय मोठा माणूस. दोन्हीकडून माझंच नाव. तोंडाशी आलेलं गिळलं आणि म्हटलं, "माप चुकलं होतं."

आपा, बावीस वर्षांत माझं माप चुकलेलं नाही. चुकलं असतं तर मी सांगितलं असतं, चुकलेलंच नाही. आणि किब्ल्याच्या भिंतीसमोर उभं राहून मी ते खोटं बोललो. तो गुन्हा वेगळा, त्याची माफी मी वेगळी मागतोय. पण हारिसनं ज्या नजरेनं माझ्याकडं बघितलं ती नजर निघत नाही. कीव होती तिच्यात. दुसऱ्या दिवशी एक लेव्हल घेऊन आला. "काका, हे डिजिटल आहे, वापरून बघा." ओवैस सेठ तर हसत हसत म्हणाला, "उमर हुई उस्ताद की. आंखां गए." आता वस्तीत हेच चालू आहे, जहांगीरभाईंना नीट दिसत नाही, काम देताना विचार करा. माझ्याकडं दोन कत्बे ठरले होते, एक परत गेला.

आणि मला सांगायचंय, सारखं सांगायचंय. रस्त्यात माणूस दिसला की धरून सांगावंसं वाटतं, माप बरोबर होतं रे! तोंड उघडतो आणि मिटतो. दिवसातून वीस वेळा. रुक्सारची सासू दारातून जाते तरी. माझ्या दारातली कोणी जातच नाही.

तुमच्यावर राग आहे. असा राग की पत्र पाठवू नये वाटतं. तरी पाठवतोय. उद्या या. खुर्ची ठेवायला सांगितलीय, पण बसायचं असेल तर खाली बसा.

जहांगीर


करमाड
८ मार्च २०२५

जहांगीर,

आले होते, गर्दीत तुला भेटता आलं नाही. बायकांची जागा मागं आहे, तिथून वेल दिसते, पानं वेगळी दिसत नाहीत. नमाज चांगली झाली. कोणीच आठवलं नाही. तूही नाहीस.

हे वाचून तुला वाईट वाटेल, ते वाटू दे.

अंगठ्याला एरंडाचं तेल लाव. इफ्तारला एक दिवस ये. बायका विचारत होत्या, मेहराबीचा कारागीर कोण. मी म्हटलं, मला नाय माहीत.

आपा


मुकुंदवाडी
१२ एप्रिल २०२५

आपा,
अस्सलामु अलैकुम.

इफ्तारला आलो नाही, ईदलाही नाही. अंगठ्याचं निमित्त सांगितलं, ते पूर्ण खरं नव्हतं. "मला नाय माहीत" हे तुमचं वाक्य पचायला महिना लागला. पूर्ण पचलंय असं नाही.

ईदनंतर पाचव्या दिवशी हैदराबादहून एक गृहस्थ आले. साठीचे, मऊ बोलणारे. कोणीतरी मेहराबीचा फोटो पाठवला होता, तो बघून आले. मशिदीत दोन तास बसले. हारिसला वाटलं आता हे माप काढतील, तो आधीच सांगत सुटला, "थोडंसं करेक्शन करावं लागलं होतं शेवटी." गृहस्थांनी पानांवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "ही चूक मापाची नाही. बेचाळीसच्या बेचाळीस एकसारखी खाली आहेत. हे कोणीतरी जाणूनबुजून केलंय." हारिसचं तोंड बघण्यासारखं झालं. मी खाली मान घालून उभा होतो. आपा, त्या घडीला मला जे वाटलं ते मी लिहिणार नाही. तुम्हाला कळतंय.

मग ते माझ्याकडं वळले, "का केलंत?" मी म्हटलं, असंच.

त्यांना घरच्या मोठ्या दिवाणखान्यासाठी हीच मेहराब हवी होती. हाच दगड, ह्याच आयती. एक अट. आयतींच्या खाली, त्याच मापात, "अमल-ए-उस्ताद जहांगीर", म्हणजे हे उस्ताद जहांगीरचं काम, असं पाहिजे. म्हणाले, "नावाशिवाय दगड म्हणजे दगड. नाव असलं की लोक शंभर वर्षं विचारतील, हा कोण होता."

शंभर वर्षं.

म्हटलं, आयती कोरून देतो. नाव नाही.

ते म्हणाले, मग नको. नाव पाहिजे. मी म्हटलं, मागच्या बाजूला, भिंतीकडं? नको म्हणाले, दिसलं पाहिजे. तास गेला. चहा झाला. दोनदा त्यांनी आकडा वाढवला, माझ्या गप्प बसण्याचा अर्थ त्यांनी घासाघीस असा लावला. घासाघीस नव्हती ती. माझं माझ्याशी चाललं होतं.

हे तुम्हाला का लिहितोय तेही कळतंय मला. तुम्ही शाबास म्हणावं म्हणूनच लिहितोय. म्हणू नका. कोणाला सांगू नका, रुक्सारला तर नाहीच. पण एका माणसाला तरी माहीत असावं, एवढं माझ्याच्यानं सुटत नाही. अजून नाही सुटत.

मी नाही म्हणालो. शेवटचा आकडा होता सहा लाख चाळीस हजार, निम्मे त्याच दिवशी, रोख.

जहांगीर